आर्किटेक्चरच्या ट्रेनिंगसाठी ऑफिस कसं निवडावं

बी.आर्क.च्या पाच वर्षांतलं एक सत्र प्रत्यक्ष ऑफिसात काढायचं असतं. ते जवळ आलं की बरीच मुलं मासिकांत झळकणाऱ्या नावांची यादी करतात आणि सगळ्यांना एकच मेल पाठवून वाट बघत बसतात. माझ्या मते या काळात एकच गोष्ट पदरात पडली पाहिजे : आपण काढलेली रेघ साइटवर कशी उतरते, हे डोळ्यांनी बघायला मिळणं. ऑफिस निवडायचं ते त्यासाठी.

आधी नोंदणी बघा. वास्तुविशारद कायदा १९७२चा. त्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल तरच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. नोंदणी क्रमांक सीए, मग वर्ष, मग आकडा असा असतो. त्यातल्या वर्षावरून समोरची व्यक्ती या व्यवसायात साधारण किती वर्षं आहे, ते लगेच कळतं. ट्रेनिंग कोणाकडे चालेल याचे विद्यापीठाचे नियम कॉलेजात विचारून घ्या. सत्र संपल्यावर धावपळ नको.

मग पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांची पुस्तिका. बारा-पंधरा पानं पुष्कळ झाली. ज्युरीत, म्हणजे कॉलेजातल्या परीक्षकांसमोर, गाजलेला रेंडर (इमारतीचं संगणकावर केलेलं चित्र) पहिल्या पानावर ठेवायचा मोह होतो, पण ऑफिस चालवणारी माणसं वर्किंग ड्रॉइंगपाशी, म्हणजे बांधकामासाठीच्या मापांसह नकाशांपाशी, थांबतात. जिना घ्या. मजल्याची उंची ३ मीटर, पायरीची उंची १५० मिमी, म्हणजे २० रायझर (पायरीचे उभे भाग). दोन फ्लाइटमध्ये, म्हणजे जिन्याच्या दोन सलग टप्प्यांत, दहा-दहा. पण एका फ्लाइटमध्ये ट्रेड (पाय ठेवायचे आडवे भाग) नऊच येतात, कारण दहावा रायझर चढलात की पाय लँडिंगवर किंवा मजल्यावर पडतो. ३०० मिमीच्या ट्रेडने लांबी २७०० होते. इथे ३००० लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. तुमचा जिना बरोबर असेल, तर ते एक पान दहा रेंडरपेक्षा जास्त बोलतं.

कॉलेजने एखाद्या जुन्या वाड्याचं मोजमाप करायला नेलं असेल, तर ती शीट नक्की घाला. काम गटाचं असेल तर तुमचा वाटा स्पष्ट लिहा : सेक्शन (उभा छेद) मी काढला, दाराचं डिटेल मी मोजलं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलेलं मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं, आणि मग उरलेल्या खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

अर्ज थोडे करा, पण नीट करा. प्रत्येक ऑफिसचं एखादं काम शक्य असेल तर जाऊन बघा आणि त्यावर दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा. सत्र सुरू होण्याच्या चार-पाच महिने आधी सुरुवात करा.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. आठवड्यातून साइटवर किती वेळा नेतात? सध्या बांधकाम चालू असलेली किती कामं आहेत? स्टायपेंड किती, केव्हा? पैशांबद्दल विचारताना संकोचू नका; पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं आणि प्रवास घरच्यांच्या खिशातून जातो. सहा-सात माणसांच्या ऑफिसात बहुधा जास्त शिकायला मिळतं, कारण तिथे ट्रेनीलाही टेप धरून साइटवर जावं लागतं.

रोजची वही ठेवा. टॉयलेटचा स्लॅब सन्क (खाली उतरवून) का घेतला, प्लंबरने ट्रॅपची (सांडपाण्याचा वास अडवणाऱ्या वळणदार नळाची) जागा का बदलून मागितली, महापालिकेने कोणता मुद्दा काढून नकाशा परत पाठवला, सगळं तारखेसह लिहा. नियमांची ओळख इथेच होते : मुंबईत डीसीपीआर २०३४ ही विकास नियंत्रण नियमावली, राज्याच्या बहुतांश उरलेल्या भागात यूडीसीपीआर ही एकत्रित नियमावली.

पुढची वाट या वहीत सापडते. मंजुरी आणि नियमांची पानं जास्त भरली असतील, तर एमपीएससीमार्फत भरल्या जाणाऱ्या नगररचनाकाराच्या पदांचा विचार करा. जुन्या इमारतींची भरली असतील तर संवर्धनातलं पदव्युत्तर शिक्षण बघा. खरगपूर किंवा रुडकीच्या आयआयटीत नगरनियोजनाकडे वळायचं असेल, तर गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग हा पेपर तिसऱ्या वर्षापासूनच देता येतो आणि गुण तीन वर्षं चालतात. थीसिसच्या वर्षात अभ्यासाला वेळ उरत नाही. जमल्यास आधीच देऊन टाका.

शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र मागून घ्या, आणि तुम्ही काढलेली कोणती ड्रॉइंग पोर्टफोलिओत वापरली तर चालतील, ते लेखी विचारा. ती ऑफिसची आणि ज्याच्यासाठी काढली त्या ग्राहकाचीही असतात.