पावसात शेवगा आणि कढीपत्ता बुंध्याशी कुजत असेल तर (माझा अनुभव)

फोंड्यातील आमच्या घरामागच्या अरुंद परसात जूनमध्ये लावलेला शेवगा आणि कढीपत्ता आधी छान फुटत; मग खालची पाने पिवळी पडत आणि जमिनीलगतची साल बोटाने दाबताच मऊ लागून तिला आंबूस वास येई. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) ओतले, निंबोळी पेंड घातली, रोपे दुसरीकडून आणली. दर श्रावणात मेलेली रोपे उपटण्याचा अक्षरशः वीट आला.

अखेर रिकाम्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहिले, तेव्हा ते दुसऱ्या सकाळीही तसेच होते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कठीण थरात खोदलेला खड्डा म्हणजे न गळणारी घागरच.

म्हणून प्रथम खड्डे बुजवले. त्यावर चिऱ्यांचे तुकडे रचून सुमारे ४५ सेंटिमीटर उंच आणि १ मीटर रुंद वाफा केला, ज्यात दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड रेती मिसळून भरली. उताराच्या बाजूला पाणी जायला चर ठेवला. लागवड जूनऐवजी चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर), पाऊस ओसरल्यावर केली. रोपाची मान (खोड आणि मुळे जुळतात तो भाग) मातीच्या वर ठेवली आणि सुक्या झावळ्यांचे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर पसरले.

शेवगा उत्तरेच्या टोकाला लावावा, म्हणजे हिवाळ्यात त्याची सावली इतरांवर पडत नाही. मिरवेलीलाही साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून ती वाफ्यावरच हवी. चराच्या तोंडाशी मात्र अळू लावावे, कारण त्याला ओल मानवते.