मुलांना विचारून घरची ऐपत मोजताय? या चुका टाळा

‘वडिलांचे मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न आठवीच्या वर्गात टाकला की बरीच मुलं जागा रिकामी सोडतात, काही शेजारच्याचा आकडा उतरवतात आणि उरलेली शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावरचं उत्पन्न लिहून मोकळी होतात. दाखल्यावरचं उत्पन्न आणि घरात येणारा पैसा यांचं नातं किती लांबचं असतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलाला तर खरा आकडा ठाऊक असणं शक्यच नाही. माल जाऊन व्यापाऱ्याचे पैसे हाती पडेपर्यंत तो वडिलांनाही ठाऊक नसतो. म्हणून मुलाला पैसे विचारू नका. त्याला डोळ्यांनी दिसतं आणि बोटांवर मोजता येतं, तेवढंच विचारा.

यावर तयार उत्तर म्हणून बहुतेक जण ‘फॅमिली अफ्लुअन्स स्केल’ ही घरची सुबत्ता मोजणारी पट्टी उचलतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या शाळकरी मुलांच्या आरोग्य सर्वेक्षणात ती वापरतात. २०१३-१४च्या फेरीपासून तिच्यात सहा प्रश्न आहेत: चारचाकी (० ते २ गुण), स्वतःची वेगळी खोली (० किंवा १), संगणक (० ते ३), बाथरूम (० ते ३), डिशवॉशर (० किंवा १) आणि वर्षभरात सुट्टीसाठी केलेले परदेश प्रवास (० ते ३). एकूण १३ गुण.

ही पट्टी जशीच्या तशी मराठीत आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन काल्पनिक घरं घेऊ. पहिलं निफाडचं: पाच एकर बाग, ट्रॅक्टर, एक पिकअप, एकत्र कुटुंबातली अकरा माणसं, एक बाथरूम. पिकअपचा १ आणि बाथरूमचा १, मिळून २ गुण. दुसरं नाशिक शहरातल्या सिडकोतलं: वडील अंबडच्या कारखान्यात, दारात एक दुचाकी, एकुलत्या एका मुलाला वेगळी खोली, एक जुना लॅपटॉप, एक बाथरूम. खोली, संगणक, बाथरूम, झाले ३ गुण. बागायतदार गरीब ठरला! पट्टीत शेतीला जागा नाही, एकत्र कुटुंबाला नाही आणि दुचाकीलाही नाही. डिशवॉशर आणि परदेश प्रवास या दोन प्रश्नांवर अख्ख्या वर्गाचं उत्तर जवळपास ‘नाही’च येणार. ज्या प्रश्नावर ९५ टक्क्यांहून जास्त किंवा ५ टक्क्यांहून कमी मुलं ‘हो’ म्हणतात, तो प्रश्न घराघरांतला फरक दाखवत नाही, हा कामचलाऊ नियम धरा. त्याच नियमाने ‘घरात मोबाइल आहे का?’ हाही आता कुचकामी. मूळ पट्टीच्या पहिल्या आवृत्तीतला टेलिफोन असाच पुढे वगळावा लागला.

त्याऐवजी दुचाकी किती, चारचाकी किती, ट्रॅक्टर, फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप किंवा संगणक किती, संडास स्वतःचा की सामाईक, पाणी घरातल्या नळाचं की बाहेरून आणायचं, छत स्लॅबचं, कौलांचं की पत्र्याचं, असे दहा-बारा प्रश्न घ्या. गॅस ‘आहे का’ विचारू नका. ‘काल स्वयंपाक कशावर झाला?’ असं विचारा. कनेक्शन असतं, सिलिंडर कोपऱ्यात असतो आणि भाकरी चुलीवर होते.

जमिनीचा प्रश्न एकरांवर सोडलात तर फसाल. सुरगाण्यात डोंगरउतारावरचे पाच एकर, पावसाच्या भरवशावरची नागली; निफाडला ओलिताखालचे दोन एकर, त्यावर द्राक्षं. एकरांच्या हिशेबात सुरगाणा श्रीमंत. म्हणून एकरांच्या जोडीला विहीर किंवा बोअर आहे का आणि उन्हाळी पीक निघतं का, हे विचारा. मालेगावात यंत्रमागाचंही तसंच. ‘घरात माग आहेत का?’ याला ‘हो’ आलं, तरी माग मालकीचे की दुसऱ्याचे, हे कळल्याशिवाय त्या उत्तराला किंमत नाही.

आता शब्द. भाषांतर बिनचूक असूनही उत्तरं चुकतात ती इथे. ‘गाडी’ म्हटलं की नाशिकमधला निम्मा वर्ग दुचाकी डोळ्यांपुढे आणतो, त्यामुळे ‘चारचाकी’ असंच लिहा आणि पिकअप, टेम्पो, रिक्षा कुठे मोजायचे तेही तिथेच सांगा. ‘बाथरूम’ म्हणजे कुणाला मोरी, कुणाला संडास; दोन वेगळे प्रश्न करा. ‘सुट्टीत बाहेर गेलात का?’ याला मामाच्या गावाला गेलेला मुलगाही ‘हो’ म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मुक्काम करून, राहण्याचे पैसे भरून केलेली सहल हवी असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

‘घर’ हा शब्द तर सगळ्यांत निसरडा. पेठ, सुरगाण्याच्या आश्रमशाळेतला मुलगा वसतिगृहाबद्दल उत्तर देईल; तिथे नळ आहे, संडास आहे, स्लॅबही आहे. आईवडील दिंडोरीकडे बागेच्या कामावर गेलेले असतील, तर गावचं घर मोजायचं की बागेतली खोली? प्रश्नावलीच्या माथ्यावर एक ओळ ठेवा: ‘तुझे आईवडील वर्षातले सर्वांत जास्त दिवस जिथे राहतात, ते घर डोळ्यांपुढे आण.’ माणसं मोजायला ‘कुटुंबात किती जण?’ नको, त्यात पुण्याला नोकरी करणारा काकाही येतो. ‘काल रात्री त्या घरात किती जण झोपले?’ हे रोज घरी झोपणाऱ्या मुलाला सांगता येतं. वसतिगृहातल्याला ‘तू शेवटचा घरी होतास त्या रात्री’ असं विचारा. माणसं भागिले राहत्या खोल्या, हा एक आकडा बऱ्याच वस्तूंपेक्षा जास्त बोलतो.

रेशनकार्डाचा रंग विचारण्याचा मोह होतो. पिवळं, केशरी, पांढरं ही विभागणी १९९९ची. केशरीची वरची मर्यादा वार्षिक एक लाख, त्यामुळे आजची ऐपत त्यावरून ठरत नाही. शिवाय पिवळं कार्ड बाकावर उघड सांगणं मुलाला जड जातं. विचारायचंच तर पडताळणीपुरतं, गुणांत धरू नका.

वर्गात हात वर करायला लावणं, शिक्षकांनी बाकांमधून फिरणं, एका बाकावर तिघांनी भरणं, यातलं काहीही घडलं तर तो वर्ग बाद समजा. एका बाकावर एक मूल बसवा, प्रश्न एकेक करून मोठ्याने वाचा, कागदावर नाव नको. जातीचा रकाना वस्तूंच्या पानावर ठेवू नका. पालकांची परवानगी आधी घ्या आणि मुलाला स्वतःला ‘नाही’ म्हणायची मुभा द्या.

गुण लावताना रिकामी जागा म्हणजे शून्य धरली जाते, तीही सर्रास. लाजेने सोडलेला प्रश्न, न कळलेला प्रश्न आणि खरोखर नसलेली वस्तू या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माहीत नाही’ हा पर्याय छापा आणि त्याला वेगळा संकेतांक द्या. शहर आणि गाव एकाच गणितात घातलं की फ्रिज, वॉशिंग मशीनला वजन मिळतं आणि ट्रॅक्टर, जनावरं मागे पडतात. आधी दोन्हीकडे चालणाऱ्या वस्तूंचा सामाईक निर्देशांक, म्हणजे सगळ्या उत्तरांचा मिळून एक आकडा, काढा, मग शहराचा आणि गावाचा वेगवेगळा, आणि शेवटी ते दोन्ही सामाईक मापावर बसवा. या आकड्यावरून मुलांचे गरीब ते श्रीमंत असे पाच समान गट पाडले असतील, तर ते कुणातले, हेही अहवालात लिहा. फक्त नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या खासगी शाळांमधला तळाचा गट म्हणजे जिल्ह्यातले गरीब नव्हेत.

मुख्य फेरीआधी ३०-४० मुलांकडून दोन आठवड्यांच्या अंतराने तीच प्रश्नावली दोनदा भरून घ्या, आणि शक्य असेल तर त्यांच्या पालकांनाही तेच प्रश्न विचारा. जुळणी प्रत्येक प्रश्नाची वेगळी तपासा. कॅपा, म्हणजे दोन वेळच्या उत्तरांची जुळणी मोजणारा आकडा (पूर्ण जुळली तर १), ०.६च्या खाली गेला, तर मुलांना दोष देण्याआधी शब्द तपासा. एकाच शाळेतली भावंडं सापडली तर आणखी सोपं: दोघांच्या कागदावर चारचाकींचा आकडा वेगळा आला, की त्यांनी काय काय मोजलं ते विचारा. बहुतेक वेळा एकाने काकांची पिकअप धरलेली असते आणि दुसऱ्याने नाही.