उत्सवाचं नाटक बसवताना या चुका टाळा

गोव्यात देवळाचा काला, वर्धापनदिन किंवा सप्ताह म्हटला की रात्री मंडपात नाटक आलंच. गावातली पोरं दिवसा वेर्ण्याला नाहीतर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करतात आणि रात्री जेवून देवळाच्या आवारातल्या अग्रशाळेत तालमीला जमतात. बहुतेकांची घरची बोली कोंकणी आणि रंगमंचावरची मराठी, पण ती अडचण मला कधी मोठी वाटली नाही. अडचण वेगळीच असते. दहा-बारा माणसं एकत्र येतात, प्रत्येकजण आपापलं काम करतो आणि नाटक मात्र कोणीच करत नाही. मी विंगेत संहिता आणि बॅटरी घेऊन उभा राहणारा माणूस. तिथून चेहरे दिसतात त्यापेक्षा पाठीच जास्त दिसतात, त्यामुळे कोण कोणाकडे बघत नाही हेही नीट कळतं. दर वर्षी त्याच चुका बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

‘माझे संवाद पाठ आहेत’

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती करणारा माणूस ती अभिमानाने सांगतो. नव्या नटाच्या हातातली झेरॉक्स बघा. स्वतःच्या ओळी पिवळ्या रंगाने रंगवलेल्या, बाकीचं पान कोरंच असल्यासारखं. समोरच्याचं वाक्य म्हणजे त्याच्या लेखी आपली पाळी येईपर्यंतचा आवाज. तालमीत हे खपून जातं, कारण तिथे चुकलं की सगळे थांबतात. मंडपात पुढे हजारभर माणसं आणि पहिल्या रांगेत देवस्थानची समिती बसलेली असते. तिथे थांबता येत नाही.

आमच्या शेजारच्या गावात एक कौटुंबिक नाटक होतं. पहिल्या अंकात थोरला मुलगा ‘आता या घरात मी थांबणार नाही’ म्हणून तावातावाने उठतो. दुसऱ्या अंकात, आजोबा गेल्यावर, जवळजवळ तेच वाक्य पुन्हा येतं आणि तिथून मृत्युपत्राची भांडणं सुरू होतात. त्या रात्री थोरल्याने पहिल्या अंकात दुसऱ्या अंकातला सूर लावला. धाकट्याला फक्त आपलं पुढचं वाक्य माहीत होतं, त्याने मृत्युपत्र काढलं. सुनेने दागिन्यांचा विषय काढला. आजोबा अजून जिवंत, आतल्या खोलीत, म्हणजे माझ्या शेजारी विंगेत, शाल पांघरून पुढच्या प्रवेशाची वाट बघत उभे! मी घसा फोडून ओळ देत होतो, पण घाबरलेल्या नटाला प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येत नाही. त्याला फक्त प्रेक्षकांतला खोकला ऐकू येतो.

वाचवलं कोणी, तर नोकराचं काम करणाऱ्या पोराने. त्याला सगळ्या नाटकात मोजकी वाक्यं होती, पण काम नसलं तरी तो रोज तालमीला बसायचा. चहाचा ट्रे घेऊन तो न बोलावता आत शिरला आणि म्हणाला, “दादा, हळू बोला. आजोबा आतून विचारतायत, माझ्या जिवंतपणीच वाटण्या कसल्या?” थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो खरा उतरला होता, पण लोकांना अभिनय वाटला. टाळ्या पडल्या. आजोबा रंगमंचावर गेले आणि अंक रुळावर आला. प्रयोगानंतर हार मात्र थोरल्याच्याच गळ्यात.

तो पोरगा आज एका हॉटेलात बँक्वेटचं काम बघतो. शेजारचा वेटर आला नाही तर त्याची टेबलं कुठली हे त्याला विचारावं लागत नाही, हे त्याच्या साहेबांनी हेरलं असणार. नोकरीत वर चढायला कोर्स करावा लागतो असं म्हणणाऱ्यांनी एक मोसम तालमीला बसून बघावं.

माझा उपाय सोपा आहे आणि नायकांना तो अजिबात आवडत नाही. पाठांतर झालं की एका तालमीला भूमिका बदलून वाचायच्या. बापाने मुलाची, सासूने सुनेची. शिवाय चहाच्या वेळी मी कोणालाही मध्येच विचारतो, “तुझ्या वाक्याआधीचं वाक्य काय?” स्वतःचं वाक्य मी कधीच विचारत नाही.

उशिरा येणारा नायक. त्याची वाट बघू नका. त्याच्या जागी नोकराचं काम करणाऱ्याला उभा करा आणि सुरू करा. दोन दिवसांत वेळेवर येतो.

तालमीऐवजी मोबाइलवरचा व्हिडिओ. ‘त्या प्रयोगाचा व्हिडिओ आहे, बघून करू’ म्हणणारी पोरं वाढली आहेत. त्यातल्या नटाचा हातवारा उचलता येतो, पण त्याच्या समोर उभा असलेला माणूस तुमच्या मंडपात नसतो. तालमीला पर्याय नाही आणि आठवड्यात नाटक उभं करतो म्हणणाऱ्याला मी संहिता देत नाही.

‘सगळे मिळून बघू’

आता विंगेच्या मागची गोष्ट. भूमिका वाटून झाल्या की जे उरतात त्यांना ‘तुम्ही सगळे मिळून सामान बघा’ म्हणून सांगतात. उरलेली माणसं आणि उरलेलं काम. मग विचारलं की उत्तर ठरलेलं, “जातलें रे!” होतं मात्र काही नाही. एका प्रयोगात तिसऱ्या अंकात समई लावायची होती. तेल तिघांनी आणलं होतं, काडेपेटी कोणीच नाही. नायिका समईपुढे हात जोडून उभी, आणि मागे पाच माणसं एकमेकांचे खिसे तपासतायत.

यात कोणी आळशी नव्हतं. माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो हे जुनंच निरीक्षण आहे. माक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना एकेकट्याने आणि गटाने ओढायला लावून जोर मोजला होता, ते आकडे 1913 मध्ये छापून आले. आठ जणांच्या गटात प्रत्येकाचा वाटा एकट्याने लावलेल्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला होता. थोडा जोर एकाच क्षणी न ओढल्याने फुकट जातो. पण 1974 मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी डोळे बांधलेल्या माणसाला, मागे आणखी लोक ओढतायत असं नुसतं भासवलं, तरी त्याचा जोर उतरला. मागे कोणीच ओढत नव्हतं. ‘सगळे मिळून’ हे शब्द कानावर पडले की सामानवाल्यांचंही हेच होतं.

आपल्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढताना बघा. जाळ्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या, प्रत्येक दोरीवर माणसं ठरलेली, आणि दोन्ही बाजू सारख्या येतायत की नाही यावर कोणाचा तरी डोळा. एक बाजू मागे राहिली तर मासळी निसटणार आणि घरी न्यायचा वाटा कमी होणार, हे ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सामानवाल्याला आपल्या वाट्याला काय येणार हेच कोणी सांगत नाही. प्रयोगानंतर त्याचं नाव माइकवरून घ्या, तेवढं पुरतं.

आमच्याकडे सामानाची वही सुरू केली ती औषधांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका पोराने. तिथे शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला तोंडी सांगतो आणि नोंदवहीत लिहितो. लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही. त्याने तेच इथे आणलं. प्रत्येक अंकापुढे वस्तू, वस्तूपुढे एकच नाव. दोन नावं लिहिलेली दिसली की मी एक खोडतो. अंक संपला की टेबलावरच्या वस्तू त्या वहीशी ताडायच्या आणि मगच पुढचा पडदा.

ज्यांना वहीचा कंटाळा आहे त्यांनी श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह बघावा. नाव सप्ताह, पण चोवीस तास अखंड भजन. पथकं बदलतात, भजन तुटत नाही, कारण येणारा जाणाऱ्याचा सूर धरून मगच त्याला उठू देतो. आपल्याकडे दोन अंकांमधल्या पंधरा मिनिटांत घड्याळ हरवतं.

नाईटवर आलेल्या कलाकाराला परकं ठेवणं

बऱ्याच गावांत स्त्रीपात्रं नाईटवर, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनावर, बाहेरून बोलावतात. त्या ताई शेवटच्या एक-दोन तालमींना येतात, दुसऱ्या दिवशी त्यांचा दुसऱ्याच गावात दुसराच प्रयोग असतो. दार कुठल्या बाजूला उघडतं, खुर्ची मोडकी कुठली, हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि गडबड झाली की ‘तिने घोळ केला’ म्हणून मोकळे. त्या आल्या की आधी चहा, मग त्यांना सेटवरून एक फेरी, आणि विंगेत त्यांच्यासाठी एक माणूस. एवढं केलं की मराठीत अडखळणाऱ्या आपल्या नायकाला त्याच सांभाळून घेतात. असं कितीदा तरी पाहिलंय.

प्रशस्तिपत्राची भूक. गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेला गेलेली मंडळी गावच्या प्रयोगातही परीक्षक शोधतात. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना प्रकाशात सरकणारा नट मला विंगेतून लगेच ओळखू येतो. प्रकाशवाला आमचा शहाणा आहे, तो दिवा हलवत नाही. समोरच्या नटाच्या टाळीत तुम्ही बोललात तर तुमच्या टाळीत तो बोलेल, एवढंच मी तालमीत सांगतो.

प्रयोगानंतर पळणं. पडदा पडला की निम्मे जण फोटो काढायला जातात आणि लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलायला तीन माणसं राहतात. पुढच्या वर्षी त्या तिघांपैकी दोन येत नाहीत. म्हणून आमच्यात मेकअप उतरवण्याआधी सामान टेम्पोत चढतं, राजाने मुकुटासकट उचललं तरी चालतं. कोणाच्या घरून आणलेली खुर्ची, पलंग, फोटोफ्रेम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत. वर्गणीचा आणि खर्चाचा हिशेब आठ दिवसांत अग्रशाळेच्या फळ्यावर, चहाच्या बिलासकट. चहाचं बिल लपवलं की बाकीच्या हिशेबावरही कोणी विश्वास ठेवत नाही, मग पुढल्या वर्षी वर्गणी मागायला कोण जाणार यावरून पहिली तालीम वाया जाते.