पाडव्यासाठी कोल्हापुरी चप्पल आणि पैंजण कसे निवडायचे

पाडव्याची साडी महिनाभर आधी ठरते, ब्लाऊज शिवून येतो, आणि पायात काय घालायचं ते मात्र आदल्या संध्याकाळी घाईघाईत उरकतात. चैत्राच्या उन्हात दिवसभर फिरायचं तर आधी पायाचं बघा ना. मला विचाराल तर या दिवसांत कोल्हापुरी आणि चांदीचे पैंजण यांच्यासारखी जोडी नाही, फक्त आधी चप्पल घ्या आणि मग तिच्यावर शोभतील असे पैंजण.

चप्पल हातात घेतली की पहिल्यांदा उलटी करून तळ बघा. अस्सल कोल्हापुरीला खिळे नसतात, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, आणि चामडं बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं असतं. रेक्झिनची नुसती चिकटवलेली असेल तर कितीही चकचकीत दिसली तरी सोडून द्या, उन्हात पाय घामेजतो त्यात. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे ठरावीक भागाचीच वस्तू असल्याचं भौगोलिक मानांकन, मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांसाठी, त्यामुळे दुकानदार बेळगावकडचा माल म्हणाला तर तोही अस्सल असू शकतो, लगेच नाक मुरडू नका.

मापासाठी संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. चामडं वापरून सैल पडतं म्हणून नवी चप्पल किंचित घट्टच घ्यायची, पण अंगठा आवळला जात असेल तर नको. सणाच्या आठवडाभर आधी घरात रोज थोडा वेळ घाला, पट्ट्याला आतून एरंडेलाचं किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवा (थोडंच हं, रंग गडद होतो), म्हणजे ऐन पाडव्याला पाय सोलणार नाही. भिजली तर सावलीत वाळवा.

आता पैंजण. कोल्हापूरजवळ हातकणंगले तालुक्यातलं हुपरी चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे, तिकडचे पैंजण मिळाले तर जरूर बघा. घोट्याभोवती दोरा गुंडाळून माप घ्या, एक बोट सहज आत जाईल एवढं सैल ठेवा. मग पैंजणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा, कुठे टोचलं तर तिथेच साडीची किनार अडकणार. साध्या हुकापेक्षा पेचाचं लॉक चांगलं, गर्दीत पडायची भीती कमी. वजन आणि मजुरी वेगवेगळी विचारा, हॉलमार्क बघा, ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी. ड्रेसवर घालायला व्हाईट मेटलचे स्वस्त पडतात पण त्यात निकेल असेल तर काहींना घामाने खाज सुटते, त्यामुळे नाजूक त्वचा असेल तर चांदीच घ्या, बारीक असले तरी चालतील.

जोडी जमवताना एवढंच बघायचं की नटवं काहीतरी एकच हवं. चपलेला जरीची वेणी आणि गोंडा असेल तर पैंजण साधे घ्या, आणि नऊवारीवर घुंगरांचे भरगच्च पैंजण घालणार असाल तर चप्पल साधी, नैसर्गिक चामड्याच्या रंगाची. घोट्याला पट्टा असलेल्या सँडलवर पैंजण घालूच नका, पट्टा आणि साखळी एकमेकांवर घासतात आणि दोन्ही खराब होतात. जीन्सवर एकाच पायात बारीक साखळीही मस्त दिसते.

रात्री पैंजण काढले की कोरड्या फडक्याने घाम पुसून बंद पिशवीत ठेवा, चांदी काळी पडायला वेळ लागतो मग.