बाससाठी सॉफ्ट जर्कबेट घेताना

अमेरिकेतल्या तळ्यांवर लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा धरायला जाणार असाल, तर सॉफ्ट प्लास्टिक जर्कबेटचा, म्हणजे झटके देऊन खेळवायच्या मऊ प्लास्टिकच्या आमिषाचा, रंग शेवटी बघा. आधी बघा ते बुडतं कसं. रॉडच्या झटक्यावर ते डावी-उजवीकडे सटकायला हवं आणि लाइन सैल सोडली की आडवंच राहून सावकाश खाली जायला हवं. बास बहुतेक वेळा त्या थांब्यातच तोंड मारतो, म्हणून माझ्या लेखी हाच गुण सगळ्यात मोठा. मीठ जास्त घातलेलं प्लास्टिक जड असतं, लांब फेकलं जातं, लवकर बुडतं. पण फाटतंही लवकर. पाणवनस्पतींवरून उथळ पाण्यात खेळवायचं असेल तर कमी मिठाचं घ्या.

५ इंची आमिष बहुतेक ठिकाणी चालतं. त्याला ४/० किंवा ५/० मापाचा (आकडा मोठा तसा गळ मोठा) रुंद वाकाचा ऑफसेट, म्हणजे कडीजवळ मोड दिलेला, गळ लावा. मासे बुजलेले असतील तर ४ इंची आणि ३/०. गळावर आमिष अगदी सरळ बसलं पाहिजे. जरा वाकडं झालं तरी ते गरगर फिरतं आणि लाइनला पीळ पडतो. पोटाला खाच असलेलं मला जास्त आवडतं, कारण हिसका दिल्यावर गळ पटकन मोकळा होतो.

रंगाचं सोपं आहे: नितळ पाण्यात पांढरा किंवा शॅड या छोट्या माशासारखा चंदेरी, गढुळात गडद.

आणि हो, झेड-मॅन कंपनीची इलॅझटेक या खास ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकची आमिषं इतर सॉफ्ट प्लास्टिकच्या डब्यात कधीही ठेवू नका. दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात.