तापमान संवेदक डेटा लॉगरला जोडताना
जोडणीपूर्वी लॉगरचा (मोजमापांची आपोआप नोंद ठेवणाऱ्या उपकरणाचा) वीजपुरवठा बंद करावा. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या संवेदकाचा रोध ०° सेल्सिअसला १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. त्यामुळे दोन तारांच्या जोडणीत तारांचा एकूण रोध केवळ १ ओहम असला, तरी तापमान जवळजवळ २.६ अंशांनी जास्त दिसते. म्हणूनच सारख्या लांबीच्या आणि जाडीच्या तीन तारांची जोडणी करावी, असा माझा आग्रह आहे; तिसऱ्या तारेमुळे लॉगरला तारांचा रोध वजा करता येतो. संवेदकाच्या एकाच टोकाला जोडलेल्या दोन तारा मल्टिमीटरने ओळखता येतात, कारण त्यांच्यामधील रोध अगदी थोडा भरतो. थर्मोकपलची, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून बनवलेल्या तापमान संवेदकाची, लांबी मात्र तांब्याच्या साध्या तारेने कधीही वाढवू नये. त्याच प्रकारची एक्स्टेन्शन केबल वापरावी आणि रंगसंकेत मानकांनुसार बदलत असल्याने धन-ऋण टोके तपासूनच जोडावीत. शेवटी लॉगरच्या ज्या चॅनेलला (जोडणीच्या जागेला) संवेदक जोडला, त्यासाठी संवेदकाचा नेमका प्रकार निवडावा.