कडक चहा, कडक ऊन, कडक गुरुजी: गाईडच्या कामात शिकलेलं इंग्रजी

कन्नड-खुलताबाद भागातली पोरंपोरी वेरूळला भेटली की एकच विचारतात, "ताई, गाईड व्हायला इंग्रजी किती यावं लागतं?" परवान्याचं, फीचं नंतर. आधी इंग्रजीची धास्ती. ती मला चांगली ठाऊक आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, तेव्हा एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. बी.ए. होईपर्यंत शब्द भरपूर पाठ झाले होते, पण तोंड उघडलं की ते एकमेकांना धरूनच राहायचे नाहीत. माझी गाडी अडली ती काळांवर नाही, विशेषण आणि नाम यांच्या जोडीवर. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. 16 नंबरच्या लेण्यासमोर, म्हणजे कैलासासमोर, एका परदेशी जोडप्याला मी सांगितलं, "धिस इज टेंपल रॉक." दोघं मान वर करून मागच्या कड्याकडे बघायला लागले. देवळाकडे पाठ! बाजूला एक जुने गाईड काका उभे होते. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "लेकी, इंग्रजीत वस्तू शेवटी येते. त्याच्या आधी कितीही शब्द लाव, ऐकणारा शेवटच्या शब्दाची वाट बघतो. तू शेवटी रॉक म्हणालीस, तो खडक शोधायला लागला."

'रॉक टेंपल' म्हणजे देऊळ, 'टेंपल रॉक' म्हणजे खडक. शब्द तेच, जागा बदलली की वस्तूच बदलते. 'बस स्टेशन', 'स्टेशन बस' करून बघा.

मराठीत आपल्याला जागेची एवढी फिकीर नसते, कारण आपली बरीच विशेषणं नामाचं लिंग-वचन अंगावर घेऊन फिरतात. मोठा दगड, मोठी गुहा, मोठं लेणं, मोठ्या लेण्यात. 'लेणं पाहिलं बघा आम्ही मोठं' असं म्हटलं तरी मोठं काय ते कळतं. इंग्रजीतलं 'बिग' मात्र दगडाला, गुहेला, एका लेण्याला आणि चौतीस लेण्यांना 'बिग'च राहतं. त्याच्या अंगावर खूण नाही, म्हणून त्याला जागा सोडता येत नाही. आपल्या सवयीने आपण त्याला अनेकवचन लावायला जातो. 'अदर्स केव्हज' मी नव्या पोरांच्या तोंडून रोज ऐकते. 'अदर केव्हज' म्हणा. अनेकवचनाचा स नामाला एकदाच लागतो.

हाच नियम मोजमापात चकवतो. 12 नंबरचं लेणं तीन मजली आहे, आपण त्याला तीन ताल म्हणतो. 'द केव्ह हॅज थ्री स्टोरीज' इथे स्टोरीज, पण 'अ थ्री-स्टोरी केव्ह' इथे स्टोरी. कैलासाच्या मागचा कडा शंभर फुटांच्या आसपास आहे. त्याचं वर्णन 'अ हंड्रेड-फूट क्लिफ' असं होतं, आणि वाक्याच्या शेवटी गेलं की 'द क्लिफ इज अ हंड्रेड फीट हाय'. नामाच्या पुढ्यात विशेषण म्हणून बसलं की मोजमाप एकवचनी होतं, एवढं धरून ठेवा.

'अ' आणि 'ॲन' यांचंही तसंच. ते नामाकडे बघत नाहीत, लगेच पुढे जो शब्द आहे त्याच्या उच्चाराकडे बघतात. 'अ टेंपल', पण 'ॲन ओल्ड टेंपल'. कैलास आठव्या शतकातला, म्हणून 'ॲन एट्थ-सेंच्युरी टेंपल'. आणि 'युनिक' लिहायला स्वराने सुरू होत असला तरी उच्चार 'यु', म्हणून 'अ युनिक टेंपल'. हे कानाने शिकायचं, वहीत बघून नाही.

आता खरी अडचण. शाळेत आपण 'कडक म्हणजे हार्ड' असं पाठ करतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे चहा कडक, ऊन कडक, गुरुजी कडक, नवी नोट कडक, उन्हात वाळलेली भाकरीही कडक. एका शब्दात सगळा मराठवाडा! इंग्रजीत प्रत्येकाचा सोबती वेगळा. चहा 'स्ट्राँग टी'. गुरुजी 'स्ट्रिक्ट टीचर'. नोट 'क्रिस्प नोट'. मे महिन्यात वेरूळच्या दगडावर पडतं ते 'स्कॉर्चिंग सन'. वाळलेली भाकरी मात्र खरंच 'हार्ड'. एका बाईंना मी चहा देताना 'हार्ड टी' म्हणाले होते. त्या हसल्या नाहीत, पण कप हातात घेऊन त्यात काय आहे ते बघत राहिल्या.

'भारी'चंही तेच. भारी पिशवी 'हेवी बॅग', पण भारी पैठणी 'हेवी' म्हटली तर गिऱ्हाईक वजनाचा विचार करेल, ती 'एक्स्पेन्सिव्ह'. पाऊस मात्र 'हेवी रेन', 'बिग रेन' नव्हे. का? याला कारण सापडत नाही, आपल्याकडे झोप गाढच का आणि अंधार मिट्टच का, याला तरी कुठे सापडतं? म्हणून माझं सांगणं आहे की सुटा शब्द पाठ करू नका. वहीत डाव्या बाजूला नाम लिहा आणि त्याच्या सोबत्यांची नावं समोर लिहा. माझ्या वहीत 'स्टेप्स'समोर 'स्टीप' आणि 'स्लिपरी' आहे, 'पाथ'समोर 'नॅरो', 'पेंटिंग'समोर 'फेडेड', 'ट्रंक'समोर 'ब्रोकन', कारण कैलासाच्या अंगणातल्या हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत आणि प्रत्येक पाहुणा ते विचारतोच.

कापडाच्या दुकानात काम करणार असाल तर हे नीट वाचा. आपण नामापासून विशेषण घडवतो: रेशीम-रेशमी, दगड-दगडी, पितळ-पितळी. इंग्रजीत बहुतेक वेळा काहीच घडवावं लागत नाही, नाम तसंच पुढे ठेवायचं: 'सिल्क सारी', 'स्टोन पिलर', 'ब्रास लॅम्प'. दगडी खांबाला 'स्टोनी पिलर' म्हणू नका. पण सोन्यापाशी थांबा. सोन्याची अंगठी 'गोल्ड रिंग', सोनेरी काठ 'गोल्डन बॉर्डर'. कृत्रिम जरीच्या काठाला नुसतं 'गोल्ड' म्हटलं तर कुणी सोनं समजू शकतो, आणि मग गोष्ट भाषेची राहत नाही, विश्वासाची होते.

दोन-तीन विशेषणं एकत्र आली तर क्रम असतो. आधी आपलं मत, मग आकारमान, वय, रंग, कुठलं, आणि नामाला चिकटून कशाचं. 'अ ब्युटिफुल ओल्ड स्टोन टेंपल' कानाला बरोबर लागतं, 'स्टोन ओल्ड ब्युटिफुल' लागत नाही. तीनाच्या वर जाऊ नका. पाहुणा उन्हात उभा असतो.

काही विशेषणं नामाच्या पुढे बसतच नाहीत. अजिंठ्याच्या 26 नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सुमारे 7 मीटर लांबीची मूर्ती आहे. तिथे एक नवखा मुलगा 'ॲन अस्लीप बुद्धा' म्हणाला. 'अस्लीप', 'अलाइव्ह', 'अफ्रेड' हे शब्द क्रियापदानंतरच येतात: 'द चाइल्ड इज अस्लीप'. पुढे ठेवायचं तर 'स्लीपिंग चाइल्ड'. आणि त्या मूर्तीला 'स्लीपिंग'ही म्हणू नये असं मला वाटतं. ती झोप नाही. 'रिक्लाइनिंग बुद्धा' म्हणा आणि क्षणभर गप्प राहा.

'लुक' म्हणजे दिसणं आणि 'फील' म्हणजे वाटणं, या अर्थी त्यांच्यानंतर विशेषणच येतं. 'इट लुक्स ब्युटिफुल', 'ब्युटिफुली' नाही. 'आय ॲम इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग' यांत गोंधळ होत असेल तर एवढंच बघा की कुतूहल वाटणारा कोण आणि ते वाटायला लावणारं काय. पाहुणा 'इंटरेस्टेड', लेणं 'इंटरेस्टिंग'.

सराव कसा करायचा? मी कन्नडहून एसटीने यायचे. खिडकीतून जे दिसेल त्याची जोडी मनात लावायची: ड्राय वेल, यलो बस, टायर्ड बुलक, मड वॉल, अर्ली सोयंग. हे शेवटचं चुकलं होतं, 'सोइंग' पाहिजे, पेरणी. उतरल्यावर काकांना विचारून वहीत दुरुस्त करायचे. अडलं तर तुम्हीही असंच विचारा, मी बहुतेक वेळा 16 नंबरच्या दाराशीच असते. मंगळवारी मात्र येऊ नका, त्या दिवशी वेरूळ बंद असतं, अजिंठा सोमवारी.